जुनं घर थंड आणि बिल कमी : आधी गच्ची, मग पंखा, सगळ्यात शेवटी सोलर

एप्रिल-मे मध्ये रात्री दहा वाजता स्टुलावर उभं राहून वरच्या मजल्यावरच्या बेडरूमच्या छताला तळहात लावून बघा. ऊन जाऊन तीन-चार तास झालेले असतात आणि तरी स्लॅब तव्यासारखा गरम लागतो. पंखा चारवर असतो पण तो त्याच स्लॅबखालची गरम हवा आपल्या अंगावर ढकलत असतो. मग आपण एसी घेतो, मग बिल वाढतं, मग कोणीतरी म्हणतं सोलर बसवा. हा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे आणि त्यासाठीच हे सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही पुण्यात १९९४ च्या एका चार मजली बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, आईचं घर अकोल्याला, निम्मं स्लॅबचं आणि निम्मं पत्र्याचं. दोन्हीकडे गेल्या काही वर्षांत एकेक करत कामं केली, सोसायटीची तीन वर्षं सेक्रेटरी होते तेव्हा कॉमन कामंही केली, त्यातून जे कळलं ते इथे आहे. नवीन घर बांधणाऱ्यांसाठी नियम आहेत, २०१८ मध्ये इको निवास संहिता आली, त्यात छतातून आणि भिंतीतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिलेली आहे, आणि ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ ला जी दुरुस्ती झाली त्यात राहत्या इमारतीही आल्या. पण ही संहिता नव्या बांधकामासाठी आहे. तुमचं माझं घर आधीच उभं आहे आणि देशातली बहुतेक माणसं अशाच उभ्या असलेल्या घरांत पुढची पंचवीस-तीस वर्षं राहणार आहेत, त्यामुळे ते सुधारायचं काम आपल्यालाच करायचंय.

आधी मोजा

खर्च करायच्या आधी एक संध्याकाळ फक्त मोजण्यात घालवा. विजेच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बघा. फेब्रुवारीचे युनिट आणि मेचे युनिट यातला फरक म्हणजे तुमच्या घराच्या उन्हाळ्याची किंमत. आणि डिसेंबर-जानेवारीत जर वाढत असेल तर तो गीझर. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० अशा पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीचा दर खालच्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात महागडे युनिट असतात. बचतीचा हिशोब सरासरी दराने करू नका, शेवटच्या पायरीच्या दराने करा, मग बऱ्याच गोष्टी परवडायला लागतात.

दुसरं, मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० इम्पल्स असं काहीतरी लिहिलेलं असतं (आकडा मीटरप्रमाणे वेगळा असेल). म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि मीटरपाशी उभं राहून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३२०० वाल्या मीटरला ११२५ भागिले सेकंद केलं की त्या क्षणाचा वॅट मिळतो. तीस सेकंदांनी एकदा लुकलुकलं तर साडेसदतीस वॅट कुठेतरी चाललेत, सगळं बंद असताना! आमच्याकडे ते सेट टॉप बॉक्स, वायफाय आणि इन्व्हर्टर निघालं. दहा वॅट वर्षभर चालू राहिले तरी ८७-८८ युनिट होतात. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सला एकच बटण असलेला बोर्ड लावला, दीडशे-दोनशे रुपयांचं काम.

आणि तिसरं मोजमाप म्हणजे तळहात. दुपारी चार आणि रात्री दहा या दोन वेळा घरातल्या प्रत्येक भिंतीला आणि छताला हात लावून फिरा. कुठली बाजू गरम आहे ते हाताला कळतं, त्यासाठी कोणाला पैसे देऊन बोलवायची गरज नाही. बहुतेक घरांत उत्तर एकच येतं, छत, आणि त्यानंतर पश्चिमेची भिंत.

गच्ची : इथेच खरं काम आहे

६०० चौरस फुटाचा फ्लॅट म्हणजे साधारण ५५ चौरस मीटर छत. मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर पन्नास-पंचावन्न किलोवॅटची शेगडी पेटलेली आहे. दीड टनाचा एसी ताकदीने चालला तरी घरातून साधारण पाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. सगळं ऊन आत येत नाही हे खरंय पण काळपट, शेवाळलेली, जुन्या कोब्याची गच्ची त्यातलं बरंचसं पिऊन घेते, सहा इंची काँक्रीट ते दिवसभर साठवतं आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत आपल्या खोलीत सोडत बसतं. म्हणून बाहेर पुण्याची छान गार हवा सुटलेली असते आणि आत घामाच्या धारा.

उपाय दोन प्रकारचे, ऊन परतवणं आणि उष्णता अडवणं. पहिला स्वस्त आहे, तो आधी करा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. हार्डवेअरच्या दुकानातून मळलेला चुना किंवा भुकटी आणा, कळीचा चुना घरी विरघळवायच्या भानगडीत पडू नका, तो पाणी टाकल्यावर उकळतो आणि डोळ्यात उडाला तर फार वाईट. रात्रभर भिजवायचा, गाळून घ्यायचा, त्यात डिंक किंवा फेविकॉल घालायचा म्हणजे हाताला पांढरं लागत नाही आणि थोडा जास्त टिकतो. गच्ची आधी तारेच्या ब्रशने घासून धुऊन दोन दिवस कडकडीत वाळू द्यायची, मग संध्याकाळच्या वेळी झाडूने किंवा रुंद ब्रशने तीन हात. पहिला हात आडवा, दुसरा उभा. भर उन्हात मारला तर लगेच सुकून पापुद्रे सुटतात. हातात ग्लोव्हज आणि डोळ्याला चष्मा पाहिजेच. चुना एका पावसाळ्यात निघून जातो, दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये परत मारावा लागतो, पण स्वतः केलं तर खर्च अगदी किरकोळ. पावसाचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्या.

चुन्याच्या वरच्या पायरीचा उपाय म्हणजे कूल रूफ पेंट. दुकानात याला हीट रिफ्लेक्टिव्ह कोटिंग, रूफ कूल असं काहीही म्हणतात. घेताना एकच प्रश्न विचारा, एसआरआय किती? हा आकडा म्हणजे पृष्ठभाग ऊन किती परतवतो आणि शोषलेली उष्णता किती सोडतो याचं एकत्र माप. तेलंगणाने २०२३ ला कूल रूफ धोरण आणलं त्यात तो कमीत कमी ७८ मागितला आहे, म्हणून त्याच्या खालचं घेऊ नका, आणि डब्यावर किंवा टेस्ट रिपोर्टवर आकडा लिहिलेला नसेल तर सरळ परत ठेवा. आमच्या बिल्डिंगला पहिल्यांदा एका कंत्राटदाराने जो रंग मारला तो पहिल्याच पावसाळ्यात साप कात टाकतो तसा सोलला गेला, कारण शेवाळ नीट न काढता ओलसर कोब्यावर मारला होता, प्रायमर नव्हता आणि एसआरआयचा कागद तर मागूनही मिळाला नाही. दुसऱ्या वेळी मी कामाच्या ऑर्डरमध्येच लिहून घेतलं : आधी भेगा भरायच्या, पाणी कुठे तुंबतं ते बघून उतार दुरुस्त करायचा, धुवायचं, वाळवायचं, प्रायमर, मग दोन हात, आणि शेवटचे २५ टक्के पैसे एक पावसाळा गेल्यावर. शेवटच्या अटीवर दोन कंत्राटदार निघून गेले, तिसरा थांबला, त्याचं काम अजून टिकून आहे.

पांढऱ्या गच्चीवर धूळ बसते आणि परिणाम कमी होतो हे कोणी सांगत नाही. मार्च ते मे महिन्यातून एकदा झाडून पाण्याचा हात मारा, तेवढंच.

एकदाच खर्च करून वीस वर्षं बघायचं नसेल तर पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं फ्लोरिंग. मुंबई-पुण्यात जुन्या बिल्डिंगवर हे पूर्वीपासून करतात, ऊन पण परततं आणि पाणी पण अडतं. फक्त जुन्या बिल्डिंगवर कोब्यावर कोबा चढवताना इंजिनिअरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका, चार-पाच इंची विटांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन टाकतो. आमच्याकडे आधीचे दोन थर काढून मगच नवीन केलं.

आता अडवायचा भाग. स्लॅबच्या वर एक्सपीएस नावाच्या घट्ट फोमच्या शीट (दोन इंची), त्यावर फरशी किंवा पातळ कोबा, हा उत्तम मार्ग, कारण मग स्लॅब तापतच नाही. खालून फॉल्स सीलिंग केलं तर स्लॅब तापतो पण उष्णता खोलीत यायला वेळ लागतो, त्यात जिप्समच्या वर रॉकवूल (दगडी लोकर) घातलं तर बराच फरक पडतो, नुसतं जिप्सम म्हणजे मुख्यतः शोभा. गळती असेल तर खालून कधीही झाकू नका, वरचं पाणी आधी थांबवा नाहीतर आत सळई गंजत राहील आणि तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. गच्ची कॉमन असते, एकट्याने जाऊन रंग मारता येत नाही, आणि खालच्या मजल्यावरचे म्हणतात आम्हाला काय फायदा. यावर माझा अनुभवाचा मार्ग असा की वॉटरप्रूफिंगच्या कामाबरोबर हे जोडून टाका. गच्चीची गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) सोसायटीचंच काम आहे, ते दर काही वर्षांनी करावंच लागतं, मजूर येणारच असतात, घासणं धुणं भेगा भरणं होणारच असतं, फक्त शेवटचा थर करड्याऐवजी पांढरा आणि एसआरआयवाला घ्यायचा. जास्तीचा खर्च फार नसतो आणि मीटिंगमध्ये भांडण होत नाही. शिवाय स्लॅब रोज तापून रोज गार होण्याने ज्या भेगा पडतात त्या कमी होतात, म्हणजे तळमजल्यावाल्याचाही मेंटेनन्स वाचतो. हे मीटिंगमध्ये सांगा, पटतं.

पत्र्याचं, कौलांचं, माळवदाचं घर

अकोल्याच्या घरात मागच्या दोन खोल्यांवर पत्रा आहे आणि तिथे मेमध्ये दुपारी बसणं अशक्य व्हायचं. लोखंडी पत्रा असेल तर गंज काढून प्रायमर मारून पांढरा कूल रूफ पेंट, हा एका दिवसाचा उपाय आहे आणि पत्रा पातळ असल्याने फरक त्याच दिवशी जाणवतो. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर मात्र जपून, त्यात बहुतेकदा अॅस्बेस्टॉस असतो, तो कोरडा घासायचा नाही, ब्रशने खरवडायचा नाही, भोकं पाडायची नाहीत, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. हलकं पाणी मारून ओला करा, शेवाळ मऊ कपड्याने काढा आणि वरून रंग मारा.

पत्र्याखाली पांढरा थर्मोकोल लावायची पद्धत गावोगावी आहे. करू नका. वायरिंगची एक ठिणगी पडली की तो वितळत जळत अंगावर येतो आणि धूर विषारी. त्याऐवजी पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून बांबूची चटई किंवा सिमेंट बोर्डचं छत करा आणि वरच्या पोकळीतली गरम हवा जायला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. कोकणातल्या कौलारू घरात पोटमाळा हेच काम करतो, म्हणून कौलं काढून पत्रा टाकायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवते. आणि मराठवाड्यात, सोलापूरकडे ज्यांचं पांढऱ्या मातीचं माळवद अजून शाबूत आहे त्यांनी ते पाडून स्लॅब टाकायच्या आधी एक उन्हाळा दोन्ही घरांत झोपून बघा. माळवदाची देखभाल कटकटीची आहे, दरवर्षी माती चढवावी लागते, खरंय, पण ती जाड माती जे काम करते ते सहा इंची स्लॅब करत नाही.

अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ ला हीट अॅक्शन प्लॅन केला आणि पुढे वस्त्यांमधली हजारो छपरं पांढरी केली. तिथली महिला हाउसिंग ट्रस्ट बायकांना बरोबर घेऊनच हे काम करते, कारण दुपारभर त्या पत्र्याखाली त्याच असतात, शिवणकाम करत, पोळ्या लाटत. आपल्या विदर्भात प्रत्येक नगरपालिकेने हे करायला काय हरकत आहे? चुना तर इथेही मिळतो. एलईडी बल्बचं देशभर जमलं, उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली आणि ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले, किमती धडाधड खाली आल्या. बल्ब माणसाच्या हातात देता येतो, तो घरी जाऊन स्वतः लावतो. गच्चीला मजूर लागतो, शिडी लागते, शेजाऱ्याची संमती लागते, म्हणून ते काम मागे राहिलंय, पण गरज त्याचीच जास्त आहे.

पश्चिमेची खिडकी

पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोलीत उष्णता सोडतो. सावली काचेच्या बाहेर पाहिजे. बांबूच्या चिका, ग्रिलला बांधलेली हिरवी शेडनेट, बाहेर टांगलेलं जाड ताडपत्री कापड, काहीही चालेल पण बाहेर. छज्जा दक्षिणेचं उंच ऊन अडवतो, पश्चिमेचं तिरपं ऊन त्याच्या खालून घुसतं, त्यासाठी उभा आडोसाच लागतो. बाल्कनी बंद करून काचा लावलेल्या असतील (सगळीकडे करतात) तर ती काचेची पेटी झाली, निदान पश्चिमेकडच्या काचा दुपारी उघड्या ठेवा आणि बाहेरून नेट टाका. जागा असेल तर पश्चिमेला झाड, नाहीतर ग्रिलवर चढणारी कृष्णकमळ किंवा गुळवेल, भिंतीलाही सावली होते.

हवा कधी आत घ्यायची

पुणे, नाशिक, संभाजीनगर, इथे रात्र गार होते. सकाळी साडेनऊ-दहाला सगळ्या खिडक्या बंद, बाहेरचा आडोसा खाली, आणि संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडं, किचनचा एक्झॉस्ट चालू करून एका बाजूने गरम हवा बाहेर काढा म्हणजे दुसऱ्या बाजूने गार आत येते. डासांसाठी जाळी बसवणं हा या सगळ्या यादीतला मला सर्वात उपयोगी खर्च वाटतो, कारण जाळी नसली की लोक सहाला खिडक्या लावून घेतात आणि मग रात्रभर कोंडून बसतात. मुंबई, कोकण, गोवा इथे दमटपणा आहे, तिथे दिवसाही वारा वाहता हवा, घर बंद करून ठेवलं तर बुरशी धरते.

फटी बुजवायच्या त्या फक्त एसीच्या खोलीच्या. स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतली लोकरीची झालर झिजलेली असते ती अॅल्युमिनियमवाल्याकडून बदलून घ्या, दाराखाली ब्रश किंवा रबरी सील लावा. बाथरूमच्या झरोक्याला मात्र हात लावू नका, विशेषतः गॅस गीझर असेल तर. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं जातात, वास येत नाही, कळत नाही. झरोका कायम उघडा आणि गीझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर.

पंखे

छत झालं की मग पंखे. जुना पंखा ७० ते ८० वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) तेवढाच वारा देऊन २८ ते ३५. चार पंखे, रोज बारा तास, प्रत्येकी ४५ वॅट वाचले तर दिवसाला दोन युनिटच्या वर, महिन्याला पासष्टच्या आसपास. किंमत जास्त आहे म्हणून सगळे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त तास चालतो तो आधी, म्हणजे बहुधा आजी-आजोबांच्या खोलीतला किंवा हॉलचा. २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यावर हवा किती देतो तेही लिहिलेलं असतं, ते बघून घ्या, नुसते वॅट कमी आणि वारा पण कमी असं नको. जुना रेग्युलेटर काढून टाकायला किंवा कायम फुल ठेवायला वायरमनला सांगा, नाहीतर पंखा गुणगुणतो आणि लवकर बिघडतो. लोडशेडिंगच्या गावात अजून एक फायदा, त्याच इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पंखा दुप्पट वेळ चालतो. आईला बिलापेक्षा याचंच जास्त कौतुक आहे.

घरात जुनी चोकवाली ट्यूब राहिली असेल तर तीही याच वेळी काढा, ती चोकसकट पन्नास वॅटच्या आसपास जाते, एलईडी ट्यूब वीस.

वायरमन घरात आहेच तर अर्थिंग आणि मेन बोर्ड तपासून घ्या. तीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगवर एसी, गीझर, मायक्रोवेव्ह सगळं चढलेलं असतं आणि बोर्डात सैल स्क्रू गरम होत असतो. आरसीसीबी (वीज गळली की क्षणात पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवा. याने युनिट वाचत नाहीत, जीव वाचतो.

गरम पाणी

एक वीस लिटरची बादली पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायला साधारण अर्ध्या युनिटला थोडं कमी लागतं. चार माणसं म्हणजे दिवसाला दोन युनिट, हे भौतिकशास्त्र आहे, कॉइलवाला कुठलाही गीझर यात कमी करू शकत नाही. कमी काय करता येतं तर वाया जाणारं. साठवणीचा गीझर सकाळी लावून संध्याकाळपर्यंत चालू ठेवला तर तो परत परत तापत राहतो. थर्मोस्टॅट ५०-५५ च्या आसपास ठेवा, ७० वर पाणी तापवून त्यात गार मिसळण्यात अर्थ नाही. अंघोळी एकापाठोपाठ एक उरका.

बिल्डिंगवर सोलर वॉटर हीटर असेल आणि बंद पडला असेल (निम्म्या सोसायट्यांत मला तसाच दिसतो) तर नवीन काही घ्यायच्या आधी तो चालू करा. बहुतेक वेळा फुटलेल्या दोन-चार काचेच्या नळ्या, बोअरच्या क्षाराने भरलेली टाकी आणि उन्हाने कुजून गेलेलं पाइपवरचं फोमचं आवरण एवढंच असतं. आमच्या चौथ्या मजल्यावर गरम पाणी लगेच यायचं आणि पहिल्या मजल्याला पंधरा-वीस लिटर सोडून दिल्यावर यायचं, पाइपला नवीन आवरण घातल्यावर आणि पहिल्या मजल्यावरच्यांनी तेच सोडलेलं पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरायला सुरुवात केल्यावर तक्रार थांबली.

कूलर आणि एसी

विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथे कोरडा उन्हाळा आहे, कूलरसारखा दुसरा उपाय नाही. कूलर खिडकीबाहेर, सावलीत, आणि समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी, हे न केल्यामुळे लोक म्हणतात कूलरने चिकचिक होते. आत आलेली ओली हवा बाहेर जायला वाट नको का? वाळ्याच्या ताट्या असतील तर उत्तम, नाहीतर हनीकोंब पॅड, गवतापेक्षा जास्त वर्षं टिकतं. पाणी आठवड्याला पूर्ण बदला, डेंग्यूचे डास त्यातच होतात. पावसाची चाहूल लागली, हवा दमट झाली की कूलर बंद, मग तो फक्त ओल वाढवतो.

एसी असेल तर २६-२७ वर ठेवून वर पंखा हळू लावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं म्हणणं आहे की एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, २०२० पासून नवीन एसी सुरू होतानाच २४ वर सुरू होतात ते त्याचमुळे. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात तापत असेल तर वर छोटं छप्पर करा, पण समोर मोकळं ठेवा. नवीन घेताना लेबलवर ते कुठल्या सालांसाठी आहे हे छापलेलं असतं ते बघा, नियम कडक होत जातात, जुन्या सालचा ५ स्टार म्हणजे आजचा ५ स्टार नाही. आणि गच्ची आधी केलीत तर दीडऐवजी एक टन पुरण्याची बरीच शक्यता आहे. हे दुकानदार सांगणार नाही.

फ्रिजबद्दल एवढंच की मागे वीतभर जागा सोडा, दाराच्या रबरात नोट धरून ओढा, सहज निघाली तर रबर बदला. आणि नवीन घेतल्यावर जुना फ्रिज गॅलरीत पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू ठेवू नका.

सोसायटीचं मीटर आणि शेवटी सोलर

कॉमन बिलात सगळ्यात मोठं असतं पंप. तीन एचपीची मोटर तासाला सव्वादोन युनिटच्या आसपास खाते. वरची टाकी रोज वाहून जात असेल तर लेव्हल सेन्सर बसवा, कोणाच्या फ्लशच्या टाक्या गळतात ते घरोघरी जाऊन बघा, गळलेलं प्रत्येक बादलीभर पाणी विजेने वर चढवलेलं असतं. पार्किंगच्या रात्रभर जळणाऱ्या ट्यूबना मोशन सेन्सरवाले एलईडी.

हे सगळं झाल्यावर, एक पूर्ण उन्हाळा नवीन युनिट बघितल्यावर, सोलर. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, एक कोटी घरांचं लक्ष्य, घरगुती पॅनेलला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,०००. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. आता हिशोब करा, महिन्याला ३४० युनिट वापरणारं घर तीन किलोवॅट मागतं, तेच घर गच्ची-पंखे-गीझर नीट करून २३० वर आलं तर दोन किलोवॅटमध्ये भागतं. ती योजना पॅनेलला पैसे देते, पॅनेलखालच्या स्लॅबला देत नाही, माझ्या मते दोन्हीला द्यायला हवेत, पण तोपर्यंत आपण क्रम नीट ठेवला तरी पैसे वाचतात.

पॅनेल बसवायच्या आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पांढरा थर झालेलाच हवा. एकदा स्ट्रक्चरचे पाय रोवले की खालची गळती काढायला सगळं उचकटावं लागतं. स्लॅबमध्ये भोकं पाडण्याऐवजी वजनाच्या काँक्रीट ठोकळ्यांवर उभं करता येतं का ते विचारा, आणि वाऱ्याने उचललं जाणार नाही याचा हिशोब लेखी घ्या. उंच स्ट्रक्चर केलंत तर खाली कपडे वाळत घालायची जागा पण राहते आणि गच्चीला सावलीही होते.

भाड्याने राहत असाल तर शेडनेट, चिका, दाराचा ब्रश, आणि स्वतःचे बीएलडीसी पंखे एवढं करा, घर बदलताना पंखे काढून घेऊन जाता येतात, मालकाचे जुने पंखे माळ्यावर जपून ठेवा. आणि मालकाला गच्चीच्या चुन्याबद्दल जानेवारीतच विचारा. मेमध्ये विचारलं तर तो म्हणतो आता पाऊस येईलच.

आमच्या सोसायटीत ज्या वर्षी ठराव केला त्या वर्षीचा ओळीने क्रम देते. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर गळतीच्या जागांवर खडूने खुणा केल्या, नोव्हेंबरमध्ये तीन कोटेशनं, डिसेंबरच्या मीटिंगमध्ये ठराव, जानेवारीत भेगा आणि उतार, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रंगाचे दोन हात, मार्चपासून दर एक तारखेला मीटरचं रीडिंग जिन्यातल्या फळ्यावर. फळ्यावर लिहायचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलीकडे आहे, ती मागच्या वर्षीचा आकडा शेजारी लाल खडूने लिहिते.